शिमानामी काइदो: हिवाळ्यात जपानच्या सेतो समुद्रावरून ७० किलोमीटर सायकल, सोलापूरहून निघणाऱ्यांसाठी

सोलापूर ते पंढरपूर सायकलवर गेलेला माणूस जपानचा शिमानामी काइदो आरामात करू शकतो, हे पहिल्यांदा सांगून टाकतो, कारण परदेशात सायकल म्हटलं की आपल्याकडं लोकांना वाटतं हे लाखाची सायकल असणाऱ्यांचं काम. तसं अजिबात नाही ओ. अंतर साधारण ७० किलोमीटर म्हणजे जवळपास पंढरपूरएवढंच, रस्ता गुळगुळीत, गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने, आणि सायकल तिथंच भाड्याने मिळते.

आधी हे आहे काय ते बघू. जपानचं मुख्य बेट होन्शू आणि खालचं शिकोकू, या दोघांच्या मध्ये जो समुद्र आहे त्याला सेतो म्हणतात. त्यात शेकडो लहान मोठी बेटं. हिरोशिमा जिल्ह्यातल्या ओनोमिची गावातून निघायचं, मुकाइशिमा, इन्नोशिमा, इकुचिजिमा, ओमिशिमा, हाकाताजिमा आणि ओशिमा अशी सहा बेटं ओलांडायची आणि एहिमे जिल्ह्यातल्या इमाबारी शहरात उतरायचं. बेटं जोडणारे मोठे पूल १९६८ पासून एकेक करत बांधले आणि १ मे १९९९ ला पूर्ण मार्ग खुला झाला. ओनोमिचीचा पहिला पूल सोडला तर या पुलांवर सायकलसाठी वेगळी पट्टी आहे, म्हणजे शेजारून ट्रक घासून जातोय असा प्रकार नाही.

हिवाळ्यात का, तर या भागाला उत्तरेकडून होन्शूचे डोंगर आणि दक्षिणेकडून शिकोकूचे डोंगर आडवे येतात. हिवाळी वारं जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर ढीगभर बर्फ टाकतं आणि डोंगर ओलांडून इकडं येईपर्यंत कोरडं होतं. आपण पर्जन्यछायेतली माणसं, आपल्याला हे समजावून सांगायला नको. त्यामुळं जपानच्या दुसऱ्या टोकाला लोक फावड्याने बर्फ काढत असतात तेव्हा इथं ऊन पडलेलं असतं.

पण एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, हा सगळा लेख त्याच्यासाठीच लिहितोय. हिवाळ्यात इथं पाय दमायच्या आधी उजेड संपतो. डिसेंबर अखेरीला सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो आणि संध्याकाळी पाच वाजून गेले की मावळतो. म्हणून दिवस सकाळपासून पुढं मोजायचा नाही, सूर्यास्तापासून मागं मोजायचा.

कधी जायचं

माझं मत विचाराल तर नोव्हेंबरचा शेवट ते डिसेंबर मध्य सगळ्यात चांगलं. दिवसा १२ ते १६ अंश असतं, ऊन कोवळं आणि झाडावर संत्री लगडलेली. जानेवारीत दुपारी ९-१० अंश आणि पहाटे २-३ पर्यंत उतरतं, गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, वेळच्या आपल्या थंडीपेक्षा बरंच जास्त गार, पण ऊन असेल आणि वारं कमी असेल तर तेही झकास जमतं. मार्चचे पहिले दोन आठवडे पण छान, दिवस थोडा मोठा झालेला असतो. एक काळ मात्र टाळा, २९ डिसेंबर ते ३ जानेवारी. तिथं नवीन वर्ष म्हणजे आपली दिवाळी, दुकानं, म्युझियम, छोटी हॉटेलं बंद असतात आणि उपाशी सायकल चालवायची वेळ येते.

तारीख एकच धरू नका. हातात दोन दिवस ठेवा, आदल्या रात्री हवामान बघा आणि त्यातला कमी वाऱ्याचा दिवस उचला. पावसापेक्षा वाऱ्याचा आकडा बघायचा. सेकंदाला ८ मीटरच्या वर दाखवत असेल तर पुलावर त्रास होतो, त्या दिवशी ओनोमिचीतली डोंगरावरची देवळं बघत बसा.

सोलापुरात करायची तयारी

निदान दोन महिने आधीपासून सायकल चालवायला लागा. आठवड्यात तीन दिवस सकाळी हिपरग्याच्या तलावापर्यंत जाऊन यायचं आणि रविवारी लांब. एक रविवार पंढरपूर, परत येताना हवं तर सायकल गाडीत टाका. आणि एक रविवार तुळजापूर नक्की करा, कारण तो घाट चढून गेलात तर शिमानामीचे चढ सोपे वाटतात. तिथं पूल समुद्रापासून फार उंचावर आहेत, खालून मोठी जहाजं जातात ना, त्यामुळं प्रत्येक पुलाआधी सायकलचा रॅम्प गोल फिरत वर चढतो. असे सहा चढ. पण बांधणाऱ्यांनी चढ साधारण ३ टक्क्यांचाच ठेवलाय, म्हणजे १०० मीटर पुढं गेलं की ३ मीटर वर. गियर हलका करून बसून मारत राहायचं, उभं राहून पेडल मारायची गरज पडत नाही.

सराव करताना एक मुद्दाम करा, सलग तास-दीड तास न उतरता चालवा. पायापेक्षा बसायच्या जागेची सवय महत्त्वाची. पॅड असलेली सायकलिंगची चड्डी इथूनच घ्या, वापरून बघा, नवीकोरी तिथं पहिल्यांदा घालू नका.

कागदपत्रं फार लांबवत नाही. जपानचा व्हिसा आधी काढावा लागतो, निघायच्या दीड दोन महिने आधी अर्ज टाका आणि नियम अर्ज करायच्या दिवशीचे वाचा. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना सायकल चालवताना झालेला अपघात त्यात धरलाय का ते विचारून घ्या, हे बरेच जण विचारत नाहीत. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबई, विमान संध्याकाळचं किंवा रात्रीचं ठेवलं की धावपळ होत नाही. जपानमध्ये उतरल्यावर बुलेट ट्रेनने फुकुयामा आणि तिथून लोकल गाडीने वीस मिनिटांत ओनोमिची. शिन-ओनोमिची नावाचं बुलेट ट्रेनचं स्टेशन आहे, पण तिथं फक्त कमी वेगाच्या कोदामा गाड्या थांबतात आणि ते गावापासून थोडं लांब आहे, म्हणून मला फुकुयामाच सोयीचं वाटतं. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचून तिथंच मुक्काम करा.

कपडे

हा भाग नीट वाचा, आपल्या लोकांची इथंच गडबड होते. आपण थंडी म्हटलं की सुती बनियन, त्यावर शर्ट, त्यावर जाड स्वेटर. सायकलवर हे चालत नाही. चढावर घाम येतो, सुती बनियन तो पिऊन ओलं राहतं आणि पुलावर गार वारं लागलं की तेच ओलं बनियन अंगाला चिकटून हुडहुडी भरते. आत घाम सुकवणारा पातळ टी-शर्ट किंवा थर्मल, त्यावर पातळ फ्लीस आणि सगळ्यात वर वारं अडवणारं हलकं जर्किन, बास. बोटं झाकणारे ग्लोव्हज, कानावर बफ म्हणजे कापडी पट्टी आणि जाड मोजे. जाड स्वेटर बॅगेतच राहू द्या.

आणि एक सवय लावून घ्या. रॅम्प सुरू व्हायच्या आधी जर्किनची चेन छातीपर्यंत खाली, पुलाच्या तोंडाशी थांबून चेन गळ्यापर्यंत वर. दिवसभरात सहा वेळा हे केलं की अंग कोरडं राहतं. ऐकायला किरकोळ वाटतं पण दुपारी तीननंतर याचा फरक कळतो.

सायकल भाड्याने घेताना

ओनोमिची स्टेशनच्या जवळ बंदरापाशी भाड्याच्या सायकलींचं मोठं केंद्र आहे, आणि अशी केंद्रं वाटेवरच्या बेटांवर आणि इमाबारीतही आहेत. एका ठिकाणी घेऊन दुसऱ्या ठिकाणी सोडता येते, याच्यावरच आपला सगळा प्लॅन आहे. इलेक्ट्रिक सायकल आणि काही खास मॉडेलना सोडण्याच्या जागेचे नियम वेगळे असतात म्हणून बुकिंग करतानाच विचारा. चांगली रोड बाईक म्हणजे वेगाची सायकल हवी असेल तर ओनोमिची यू२ नावाच्या जुन्या गोदामात जायंट या सायकल कंपनीचं दुकान आहे, त्याच इमारतीतल्या हॉटेलात सायकल खोलीत घेऊन जाता येते. स्वतःची सायकल न्यायची तर रेल्वेत ती खोलून पिशवीत भरावी लागते. एका दिवसासाठी एवढा खटाटोप नको असं माझं स्पष्ट मत.

ताब्यात घेतल्यावर पाच मिनिटं तिथंच घालवा. सीटची उंची अशी की पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. कुठला ब्रेक पुढच्या चाकाचा ते दाबून बघा, सगळे गियर टाकून बघा, पुढचा दिवा लावून बघा. कुलूप आणि हेल्मेट मागून घ्या. एप्रिल २०२३ पासून सगळ्या वयाच्या लोकांनी हेल्मेट घालावं असं जपानच्या कायद्यात आलंय, दंड नाही पण घाला. मोबाईल हातात धरून सायकल चालवणं मात्र तिथं गुन्हा आहे, नोव्हेंबर २०२४ पासून शिक्षा अजून कडक केली. छत्री धरून चालवणं, डबल सीट, दोघांनी शेजारी शेजारी गप्पा मारत जाणं, हे सगळं बंद.

मोठी बॅग घेऊन सायकलवर बसू नका. ओनोमिचीहून इमाबारीच्या हॉटेलला बॅग पोचवणाऱ्या सेवा आहेत, हॉटेलच्या काउंटरला विचारा आणि त्याच दिवशी पोचणार की दुसऱ्या दिवशी ते पक्कं करून घ्या. पाठीवर फक्त पाणी, खाऊ, कागदपत्रं, पॉवर बँक.

खाणं

शाकाहारी असाल तर हे प्रकरण गंभीर आहे, कारण तिथं साध्या दिसणाऱ्या रश्श्यातही माशाचा अर्क असतो. म्हणून घरून कडक भाकरी आणि शेंगाची कोरडी चटणी न्यायची. सायकलवर याच्यासारखं खाणं नाही, हलकं, टिकाऊ, शेंगदाण्यातून ताकद आणि तिखटाने थंडीत अंग गरम. फक्त भाकरी डब्यात न्या, पिशवीत चुरा होतो. मांसाचे पदार्थ आणि ताजी फळं-भाज्या विमानतळावर काढून घेतात, ते नेऊ नका. तिथल्या दुकानात उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ भरलेला भाताचा गोळा मिळतो, ओनिगिरी, तो बऱ्यापैकी चालतो, पण पाकिटावरचे घटक मोबाईलच्या ट्रान्सलेट कॅमेऱ्याने वाचून घ्या.

वाटेत बागांच्या कडेला छोटं लाकडी मांडणी असलेलं दुकान दिसेल, दुकानदार कोणी नाही, पिशव्यांत संत्री भरून ठेवलेली आणि शेजारी पैशाचा डबा. किंमत लिहिलेली असते, बहुतेक १०० येनची नाणी टाकायची आणि पिशवी उचलायची. येन म्हणजे साधारण ६० पैसे धरा. त्यासाठी सुटी नाणी खिशात पाहिजेतच.

आणि व्हेंडिंग मशीन. अगदी माणूस नसलेल्या वळणावर पण असतं. हिवाळ्यात त्यात बटणाखाली लाल पट्टी असेल ते गरम, निळी असेल ते गार. लाल पट्टीचा कॉफीचा डबा बाहेर येतो तो इतका तापलेला की ग्लोव्हज काढून धरवत नाही, आधी ग्लोव्हजसकट दोन्ही हातांत धरायचा, मग गालाला लावायचा, बोटं सुटली की मग उघडायचा.

आता प्रत्यक्ष रस्ता

आठ वाजता चाकं फिरली पाहिजेत. ओनोमिचीहून पहिला पूल आहे पण तो अरुंद आणि गाड्यांचा, तिथं जायचं नाही. समोर मुकाइशिमाला फेरी जाते, सायकलसकट चढायचं, पाचेक मिनिटांत पलीकडं, तिकीट अगदी थोडं. शाळेची पोरं, कामावर जाणारी माणसं सगळी त्याच बोटीत.

पलीकडं उतरलं की रस्त्याच्या डाव्या कडेला निळी रेघ दिसेल. हीच तुमची वाटाड्या, इमाबारीपर्यंत सोडायची नाही. मधे मधे किती किलोमीटर राहिले तेही रस्त्यावर रंगवलेलं असतं, त्यामुळं नकाशा फारसा लागत नाही.

दिशा ओनोमिचीहून इमाबारीच ठेवा. हिवाळ्यात वारं वायव्येकडून येतं आणि आपण दक्षिण-नैर्ऋत्येला जातो, म्हणजे ते उजव्या बाजूने किंवा उजव्या पाठीकडून लागतं. उलट दिशेने आलात तर तेच वारं दिवसभर डाव्या गालावर आणि तोंडावर. पुलावर आडवं वारं लागलं की हँडल घट्ट आवळू नका, कोपर सैल ठेवा, वेग कमी करा, मनोऱ्याच्या आडोशातून बाहेर पडताना एकदम झोत येतो तेव्हा सावध राहा.

पहिला मोठा पूल इन्नोशिमाचा, १९८३ चा. इथं सायकलची वाट गाड्यांच्या रस्त्याच्या खालून, लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यातून जाते, डोक्यावर गाड्यांचा गडगडाट आणि बाजूला समुद्र. इन्नोशिमा बेटावर फार रेंगाळू नका. इकुचिजिमावर मात्र थांबा. सेतोदा गाव साधारण ३० किलोमीटरवर येतं, अकराच्या आत पोचलात तर वेळ बरोबर चाललीय. हे लिंबांचं बेट, हिवाळ्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी लिंबं लटकलेली. कोसानजी नावाचं रंगीबेरंगी देऊळ एका उद्योजकाने आईसाठी बांधलंय, मागच्या टेकडीवर इटलीहून आणलेल्या पांढऱ्या संगमरवराची आख्खी बाग. बघायला तास जातो, त्यामुळं आधीच ठरवा बघणार की नाही.

सेतोदालाच स्वतःला प्रामाणिकपणे विचारायचं, जमतंय का. गुडघा दुखत असेल, बारा वाजून गेले असतील किंवा वारं वाढलं असेल तर इथून ओनोमिचीला परत बोट आहे, सायकलसुद्धा बोटीत जाते. यात काही कमीपणा नाही, अर्धा शिमानामी पण खूप सुंदर आहे. फक्त हिवाळ्यातलं बोटीचं वेळापत्रक सकाळीच फोटो काढून ठेवा.

पुढं तातारा पूल. हा तारांनी तोललेला पूल, मधला गाळा ८९० मीटरचा, १९९९ ला खुला झाला तेव्हा अशा प्रकारातला जगातला सगळ्यात लांब. याच्या मनोऱ्यापाशी सायकल उभी करा. तिथं दोन लाकडी पट्ट्या टांगलेल्या असतात, मनोऱ्याच्या दोन पायांच्या मधे उभं राहून त्या एकमेकींवर आपटायच्या, आवाज दोन्ही भिंतींत आपटत आपटत वर चढत जातो आणि शेवटी आकाशात विरतो. मोठी माणसं पण लहान पोरांसारखी परत परत वाजवत बसतात. पुलावरच जिल्ह्याची हद्द रंगवलेली आहे, आणि तुमचा निम्मा रस्ता इथंच कुठंतरी संपतो. उतरल्यावर ओमिशिमावर विश्रांतीची जागा आहे, जेवण इथं करा. ओयामाझुमी हे जुनं देवस्थान, सामुराईंची चिलखतं तिथं बघायला मिळतात, ते याच बेटावर पण निळ्या रेघेपासून आत आहे, एका दिवसात करायचं असेल तर सोडून द्या.

ओमिशिमाचा पूल दीडच्या आत ओलांडा. पुढचं हाकाता बेट छोटं, मिठासाठी प्रसिद्ध, तिथून ओशिमाला जाताना आजूबाजूला जे पाणी दिसतं तिथं मध्ययुगात मुराकामी घराण्याचं आरमार होतं. नोशिमा नावाच्या इवल्याशा बेटावर त्यांचा किल्ला, जाणाऱ्या जहाजांकडून पैसे घेऊन सुरक्षित पार करून द्यायचे. आपल्या आंग्र्यांचं दस्तक, म्हणजे समुद्रात जायचा परवाना, आठवतं की नाही.

ओशिमा बेट थकवतं हे लक्षात ठेवा. पुलाच्या रॅम्पसोडून इथं रस्त्यालाच दोन चढ आहेत आणि ते पन्नास किलोमीटरनंतर येतात. चढाआधी थांबून भाकरी चटणी खा, पाणी प्या, तहान लागली नसली तरी प्या कारण थंडीत तहान कळत नाही. किरोसान डोंगरावरचं निरीक्षण ठिकाण कुमा केन्गो या वास्तुकाराचं, फार नावाजलेलं आहे, पण ३०० मीटरची खडी चढण आहे, हिवाळ्यातल्या एका दिवसात हे आणि इमाबारी दोन्ही बसत नाही.

मग कुरुशिमा. तीन झुलते पूल एकाला एक जोडलेले, सगळे मिळून साधारण ४ किलोमीटर, पाण्यापासून ६५ मीटरच्या वर. साडेतीन ते चारच्या मधे इथं पोचायचं, म्हणजे तिरपं ऊन मिळतं आणि घाई होत नाही. खाली बघा, समुद्र चक्क नदीसारखा वाहताना दिसतो, भोवरे पडतात. भरती-ओहोटीला प्रवाह १० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी साधारण १८ किलोमीटरपर्यंत जातो. म्हणून जहाजांसाठी काठावर मोठे फलक लावलेत, त्यावर एस किंवा एन म्हणजे प्रवाह दक्षिणेला की उत्तरेला, मग वेगाचा आकडा आणि बाण, वर असेल तर वेग वाढतोय, खाली असेल तर कमी होतोय. प्रवाहाच्या दिशेने जाणारं जहाज मधल्या वाटेने आणि उलट जाणारं पश्चिमेच्या वाटेने, त्यामुळं प्रवाह फिरला की जहाजांच्या बाजूही बदलतात. दुर्बीण असेल तर न्या, हे बघत मी कितीही वेळ उभा राहू शकतो.

उतरल्यावर

पूल संपला की लगेच सनराइज इतोयामा हे सायकल केंद्र. दमला असाल तर सायकल इथंच परत करा. इमाबारी स्टेशन अजून सहा-सात किलोमीटर आहे, उजेड असेल तरच जा. केंद्र संध्याकाळी किती वाजता बंद होतं ते सकाळीच विचारलेलं असू द्या.

इमाबारीत एक रात्र थांबा असं मी प्रत्येक सोलापूरकराला सांगतो, कारण हे जपानचं टॉवेलचं गाव आहे. १८९४ पासून इथं टॉवेल विणतात. आपल्या चादरीसारखं आणि टेरी टॉवेलसारखंच त्यांचंही नाव गावावरून चालतं. त्यांची कसोटी अशी, टॉवेलचा तुकडा पाण्यावर ठेवला की ५ सेकंदांत बुडायला लागला पाहिजे, म्हणजे तो पाणी लगेच ओढतो. दुकानात हात लावून बघा, लूपची घडण बघा, लेबलवर लाल-निळ्या रंगातलं इमाबारीचं चिन्ह बघा. घरात कुणाचा यंत्रमागाशी संबंध असेल तर त्यांच्यासाठी एक छोटा रुमाल तरी घ्याच, ते तासभर उलटून पालटून बघतील.

परतीला इमाबारीहून फुकुयामाला थेट बस आहे, दीड तासाच्या आसपास लागतो आणि ती याच पुलांवरून जाते, खिडकीची जागा धरा. ओकायामाकडं जायचं तर शिओकाझे एक्सप्रेस रेल्वे, दोन तासांच्या आसपास. बस पकडणार असाल तर शेवटची गाडी कितीची ते आदल्या दिवशी बघा आणि तिच्या आधीची पकडायचं ठरवा.